बाळाचा पहिला सव्वा महिना
(तरुण आईबापांकरितां व मंडळींतील सेवकांकरितां एक धडा)

बैल विकत घेणारा शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार जाणत्यांस विचारतो, आणि मगच दावें हातीं घेतो. नवी होडी पाण्यांत लोटणारा कोळी आधीं तिची फळी न् फळी तपासतो. परंतु ज्या जिवाची किंमत कोणासच करतां येत नाहीं, तो जीव पहिल्यानें घरांत येतो तेव्हां बहुतेक आईबाप कांहीं एक न शिकतां त्यास उचलून घेतात. यांत त्यांचा दोष थोडाच आहे. पूर्वीं घरांत आजी असे, आत्या असे. मुलगी आपल्या थोरल्या बहिणीचें बाळंतपण डोळ्यांनीं पाहून मोठी होत असे. त्या शिक्षणांत चुकाही पुष्कळ होत्या, त्यांविषयीं आम्ही पुढें लिहूं. पण निदान हात तरी धीट होत असत. आतां तें शिक्षण तुटलें आणि त्याच्या जागीं दुसरें मिळालें नाहीं, अशी पुष्कळ घरांची स्थिति आहे.

ठाणें जिल्ह्यांतील मीरा-भाईंदर शहराचें उदाहरण घ्या. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस मिठागरें आहेत, समुद्राच्या बाजूस उत्तनसारखीं कोळ्यांचीं जुनीं गांवें आहेत, आणि रेल्वेच्या दोहों अंगांस इमारतींची दाटी आहे. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत वस्ती ८ लाख ९ हजारांवर भरली. हीं सर्व माणसें कांहीं येथेंच जन्मलेलीं नव्हेत. त्यांतील पुष्कळ गांवाकडून आलेलीं आहेत. आमच्या खेड्यांतील मंडळींचे किती तरी तरुण तेथें एका खोलींत संसार मांडून आहेत. मुलगी पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली, तर निदान आई जवळ असते. ती न आली, किंवा लवकर परत गेली, तर खोलींत दोघें नवशिकीं आणि तिसरा तो बोलतां न येणारा जीव. म्हणून हा धडा खेड्यांतील वाचकांनीं आपल्यासाठीं वाचावाच, आणि शहरांत राहणाऱ्या लेकीसुनांसही वाचून दाखवावा.

आमचा स्वतःचा अनुभव

आम्हीही त्याच शहरीं असेच नवशिके होतों. आमचा पहिला मुलगा जन्मला तेव्हां भाड्याच्या खोलींत नवराबायको आम्ही दोघेंच होतों. धर्मशिक्षणाच्या शाळेंत आम्हीं टीकाग्रंथ वाचले होते, परक्या भाषा घोकल्या होत्या. परंतु तान्ह्यास उचलतांना त्याची मान कशी सांवरावी, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. चवथ्या दिवशीं मूल फार शांत झालें. अंगावर घेतलें कीं लगेच झोपे, आणि रडे तें मांजराच्या पिलासारखें बारीक. "आमचें लेंकरूं किती गुणी!" असें आम्हीं भेटावयास आलेल्यांस अभिमानानें सांगितलें. सायंकाळीं शेजारच्या इमारतींतील एक वयस्क परिचारिका सहज डोकावल्या. त्यांनीं हात धुतले, बाळाच्या पोटास व तळपायांस हात लावून पाहिला, आणि विचारलें, "सकाळपासून किती वेळां पाजलें? किती लंगोट ओले झाले?" आम्हां दोघांसही उत्तर देतां येईना. तेव्हां त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, एवढीं पुस्तकें वाचलींत, पण लेंकराचे पाय वाचले नाहींत. हें गुणी नाहीं हो, हें थंड पडलें आहे."

त्यांनीं बाळाचे ओलसर कपडे काढून त्यास आईच्या उघड्या छातीशीं धरविलें, वरून लुगडें व चादर घातली, आईचें दूध वाटींत काढवून चमच्यानें थोडथोडें पाजलें, आणि आम्हांस त्याच पावलीं रुग्णालयाच्या वाटेस लावलें. तेथें बाळास जंतुसंसर्ग झाल्याचें निघालें. उपचार झाले, बाळ बचावलें, आणि आज तो मुलगा दप्तर पाठीस लावून शाळेंत जातो. परंतु त्या सायंकाळीं त्या बाई आल्या नसत्या तर काय झालें असतें, हा विचार अजूनही कधीं कधीं आमची झोप मोडतो. आमच्या प्रेमांत उणें नव्हतें, ज्ञानांत होतें. आणि तान्ह्यास दोन्ही लागतात.

गडचिरोलींत काय झालें

तान्ह्याचा जीव राखण्यास मोठें शहर व मोठीं यंत्रेंच लागतात, असें कोणास वाटत असेल, तर त्यानें गडचिरोली जिल्ह्याची गोष्ट ऐकावी. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्यानें १९८५ सालीं 'सर्च' ही संस्था स्थापिली, आणि पुढें त्या जिल्ह्यांतील खेड्यांत काम आरंभिलें. १९९५ पासून त्यांनीं ३९ खेड्यांत गांवांतल्याच बायांस तान्ह्या बाळाची सेवा शिकविली. त्यांची शाळा थोडीच झालेली होती. त्या बाळंतपणाच्या वेळीं हजर राहत. मग घरोघर जाऊन बाळाचें वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजीत, आईस पाजावयास शिकवीत. बाळ गुदमरलें तर त्यास श्वास देत, आणि जंतुसंसर्गाचीं लक्षणें दिसलीं तर शिकविल्याप्रमाणें औषध व सुई देत. काम सुरू होण्यापूर्वीं त्या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकीं सुमारें ६२ पहिल्या महिन्यांतच दगावत असत. तिसऱ्या वर्षीं हा आंकडा सुमारें २५ वर आला. १९९९ सालीं हें वृत्त 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत छापून आलें, आणि २०११ पासून भारत सरकारनें घरोघर जाऊन तान्ह्यांची पाहणी करण्याचें काम 'आशा' कार्यकर्त्यांकडे सोंपविलें.

याच संस्थेनें दाईंकरितां श्वास मोजण्याचें एक साधें साधन केलें होतें. त्यांत एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ होतें व कांहीं मणी होते. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं खुणेच्या मण्याची पाळी आली, तर बाळाचा श्वास फार जलद आहे असें समजावयाचें. अक्षर न येणाऱ्या दाईस जें साधलें, तें हें पत्र वाचणाऱ्यांस कां साधूं नये?

आतां तीन गोष्टी क्रमानें शिकूं: ऊब, दूध व स्वच्छता.

पहिली गोष्ट: ऊब

आईच्या पोटांत मूल नऊ महिने एकसारख्या उबेंत असतें. बाहेर येतें तें ओलें. त्याच्या अंगीं चरबी थोडी, आणि देहाच्या मानानें कातडीचा पसारा मोठा. त्यामुळें त्याची ऊब लवकर निघून जाते. थंड पडलेलें मूल नीट ओढीत नाहीं. ओढलें नाहीं म्हणजे अंगांत जोर येत नाहीं. जोर नाहीं म्हणून तें आणखी थंड पडतें. हें चक्र आरंभींच मोडलें पाहिजे.

म्हणून जन्मतांच बाळास पुसून कोरडें करावें, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालावें, आणि डोक्यास टोपडें घालावें. पहिले २४ तास तरी त्यास अंघोळ घालूं नये. अंगावरील पांढरा चिकट थर मळ नव्हे. तो घासून काढूं नये. बाळाचें वजन अडीच किलोहून कमी असेल, तर डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तोंवर अंघोळ न घालतां नुसतें पुसावें.

परीक्षा अशी करावी. हाताच्या पाठीनें बाळाचें पोट व तळपाय पाहावे. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण पाय थंड, तर बाळास थंडी वाजत आहे. त्यास छातीशीं घ्यावें. दोन्ही थंड, तर धोका आहे. छातीशीं धरूनच त्यास दवाखान्यांत न्यावें. थर्मामीटर असेल, तर काखेंत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारें ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहीट, ही योग्य ऊब होय.

छातीशीं धरण्याची ही रीत कोणी क्षुल्लक समजूं नये. १९७८ सालीं कोलंबिया देशांत बोगोटा शहरीं रुग्णालयांत उबेच्या पेट्या पुरेनात, तेव्हां तेथील डॉक्टरांनीं कमी दिवसांचीं व कमी वजनाचीं बाळें आयांच्या छातीशीं बांधून ठेविलीं. तीच रीत आज सर्व जगांत शिकवितात. आई थकली असेल, तर बापानेंही बाळ आपल्या छातीशीं घ्यावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

दोन इशारे द्यावयाचे आहेत. बंद खोलींत कोळशाची शेगडी किंवा धुरी ठेवूं नये. कोळशांतून वास नसलेला विषारी वायु निघतो, आणि त्यानें आई व बाळ झोपेंतच दगावूं शकतात. तसेंच वैशाखाच्या उकाड्यांत, पत्र्याखालच्या किंवा कोंदट खोलींत, बाळास चार दुपट्यांत गुंडाळूं नये. ऊब म्हणजे उकडणें नव्हे. आपणांस लागतो त्याहून एक पदर अधिक, इतकें प्रमाण बहुधा पुरें.

दुसरी गोष्ट: दूध

जन्मानंतर एका तासाच्या आंत बाळास अंगावर घ्यावें. पहिल्या दोनतीन दिवसांचें दाट पिवळसर दूध म्हणजे चीक. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनें खातों. वासरास चीक मिळाला नाहीं तर तें वांचावयाचें नाहीं म्हणून हळहळतों. आणि आपल्या लेंकराच्या वांट्याचा चीक मात्र "घाण दूध" म्हणून पिळून टाकतों! चिकांत रोगांशीं झुंजण्याची शक्ति असते. तो थोडाच येतो, कारण बाळाचें पोटही त्या वेळीं लहान असतें. "दूध येत नाहीं" म्हणून पहिल्याच दिवशीं बाटली आणूं नये. बाळ ओढील तसतसें दूध वाढतें.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळां पाजावें, आणि रात्रींचें पाजणें चुकवूं नये. झोपाळू बाळास तीन तासांहून अधिक न झोपूं देतां तळपाय चोळून उठवावें. पाजतांना नुसतें बोंड तोंडांत देऊं नये. बाळानें तोंड मोठें उघडलें म्हणजे भोंवतालचा काळा भागही तोंडांत जाईल असें त्यास जवळ घ्यावें. असें केल्यानें आईस वेदना कमी होतात व बाळास दूध अधिक मिळतें. पाजून झाल्यावर खांद्याशीं उभें धरून पाठीवर हळूं हात फिरवावा.

पोट भरतें कीं नाहीं, हें लंगोट सांगतात. पहिले चारपांच दिवस गेल्यावर चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हावेत. शी प्रथम काळी-हिरवी असते व मग पिवळी होते. पहिल्या आठवड्यांत बाळाचें वजन थोडें घटतें. तें दोन आठवड्यांच्या सुमारास जन्माच्या वजनाइतकें व्हावें. न झाल्यास दाखवावें.

सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं देऊं नये. मध नको, गुटी नको, साखरेचें पाणी नको, साधें पाणीही नको. मधांत असे जंतू असूं शकतात कीं ते मोठ्यांस बाधत नाहींत, पण तान्ह्याचे स्नायू लुळे पाडतात. म्हणून वर्षाच्या आंतील मुलास मध चाटवूंच नये. डॉक्टरांनीं दिलेलें औषध या नियमांत येत नाहीं. आणि बाळंतिणीस उपाशी ठेवून बाळास दूध मिळेल, अशी आशा कोणी करूं नये. तिला भाकरी, डाळ, भाजी, दूध, अंडें, मासळी, जें घरीं असेल तें पोटभर द्यावें.

तिसरी गोष्ट: स्वच्छता

बाळास हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. हा नियम आजोबांस लागू आहे आणि पाळकासही लागू आहे. नाळेस कांहीं लावूं नये. हळद नको, राख नको, तेल नको, शेण तर नकोच. डॉक्टरांनीं सांगितलें असेल तेवढेंच लावावें. लंगोट नाळेच्या खालीं बांधावा, म्हणजे ती कोरडी राहून बहुधा एकदोन आठवड्यांत आपोआप गळते. डोळ्यांत काजळ घालूं नये. त्यांत शिसें असूं शकतें, आणि बोटाबरोबर जंतू डोळ्यांत जातात. नाकांत व कानांत तेल ओतूं नये. तान्ह्याची छाती सुजलेली दिसली तरी ती पिळूं नये. ती आईच्या रक्तांतील द्रव्यांमुळें सुजते व आपोआप उतरते. अंगास हलक्या हातानें तेल चोळण्यास हरकत नाहीं.

जुन्या लुगड्याचीं मऊ फडकीं उत्तम; तीं साबणानें धुऊन उन्हांत वाळवावीं. बाळास उताणें निजवावें, तोंडाजवळ उशी किंवा सैल कापड ठेवूं नये. सर्दीखोकला झालेल्यानें बाळाजवळ जाऊं नये, आणि मुके कोणींच घेऊं नयेत. प्रार्थनेस आलेल्या वीस माणसांनीं बाळ हातोहात फिरविण्याची चाल आपल्या मंडळींत आहे, ती बंद व्हावी. बाळाकरितां प्रार्थना दुरूनही करतां येते.

पांचव्या रात्रीविषयीं

आपल्या खेड्यांत पांचव्या रात्रीं सटवाई येऊन कपाळीं लेख लिहिते अशी समजूत आहे, आणि त्या रात्रीं लोक भीत असत. ज्या आजीबायांनीं ही रात्र धरली, त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें तें खोटें नव्हतें. पहिल्या महिन्यांत दगावणाऱ्या बाळांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश पहिल्याच आठवड्यांत दगावतात. त्यांतून नाळ विळ्यानें कापावी व तिला शेण लावावें, असें जेथें होई तेथें कांहीं दिवसांनीं बाळाचा जबडा बसे, दूध ओढवेना, अंग धनुष्यासारखें वांकडें होई. तो धनुर्वात होता. गरोदर बाईस लस टोचली, नाळ निर्जंतुक पात्यानें कापली, कीं तो टळतो. आणि तान्ह्यांचा धनुर्वात भारतांत इतका उणा झाला कीं २०१५ सालीं त्याचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. कपाळीं लिहिलेलें म्हणून आपल्या आज्यांनीं जें दुःख सोसलें, तें पुष्कळसें नाळ कापणाऱ्या पात्यावर लिहिलेलें होतें. त्यांस हसूं नका. त्यांच्याजवळ दुसरें ज्ञान नव्हतें. पांचवी रात्र जागवावयाचीच असेल, तर ती पाजण्यासाठीं, पाय पाहण्यासाठीं व श्वास मोजण्यासाठीं जागवा.

धोक्याचीं लक्षणें

पुढील लक्षणांपैकीं एकही दिसलें, तर रात्र असो, पाऊस असो, सकाळची वाट न पाहतां बाळास रुग्णालयांत न्यावें:

१. बाळ ओढीत नाहीं, किंवा पूर्वीं ओढीत होतें तें आतां सोडून देतें.
२. हालचाल मंद झाली, हातपाय गळाले, उठवूनही नीट उठत नाहीं.
३. पोट व पाय दोन्ही थंड, अथवा अंग तापलेलें.
४. शांत असतांना पूर्ण एक मिनिट मोजले तर श्वास ६० किंवा अधिक भरतात, व पुन्हां मोजूनही तितकेच भरतात. किंवा श्वास घेतांना छाती खालीं खोल ओढली जाते. किंवा बाळ कण्हतें.
५. झटके येतात.
६. पहिल्याच दिवशीं अंग पिवळें झालें, किंवा पिवळेपणा तळहातांपर्यंत व तळपायांपर्यंत पोंचला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तोंडावर थोडी पिवळी छटा पुष्कळ बाळांस येते व जाते. पण वाढणारी कावीळ कोंवळ्या उन्हानें बरी होईल म्हणून घरीं बसूं नये.
७. नाळेभोंवतीं लाली पसरते, किंवा पू व दुर्गंध येतो.

यांतील बहुतेक लक्षणें मुकीं आहेत. आजारी तान्हें मोठ्यानें रडतेंच असें नाहीं. बहुधा तें गप्प होतें. आम्हीं हेंच ओळखलें नाहीं.

कोणास बोलवावें

बाळंतपण रुग्णालयांत झालें असेल, तर आशाताईनें ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं घरीं येऊन बाळ पाहावें असा नियम आहे. घरींच झालें असेल तर पहिल्या दिवशींही. ती आली म्हणजे तिला दारांतून परत लावूं नये. आणि ती आली नाहीं तर आपण निरोप धाडावा. सरकारी रुग्णालयांत आजारी तान्ह्याचा औषधोपचार व नेआण विनामूल्य आहे. ही तरतूद २०११ पासून आहे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी यांच्या नांवाचें सार्वजनिक रुग्णालय आहे. वाटेंत बाळ छातीशींच धरावें, आणि ओढीत असेल तर पाजीत राहावें. जन्मतांच क्षयाची व यकृताच्या काविळीची लस व पोलिओचे थेंब द्यावयाचे असतात, आणि पुढच्या लशी दीड महिन्यांनीं. त्यांची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

बापांस व सेवकांस विनंती

तरुण बापांनो, हें बायकांचें काम आहे असें म्हणूं नका. पाणी भरणें, लंगोट धुणें, रात्रीं एकदां उठून बाळ आईच्या हातीं देणें, हें तुमच्याकडे आहे. आईचा चेहरा उतरला, ती वारंवार रडूं लागली, तर तिला दोष न देतां तिच्याजवळ बसा, आणि कांहीं दिवसांत बरें न वाटल्यास डॉक्टरांस दाखवा. सासूबाई व आजीबाई, तुमचे हात धीट आहेत. त्यांस हें नवें ज्ञान जोडा, म्हणजे तुमच्यासारखी शिक्षिका दुसरी मिळणार नाहीं. आणि मंडळींतील सेवकहो, बाळंतिणीच्या घरीं गेलांत, तर प्रथम हात धुवा, मग विचारा: "किती वेळां पाजलें? किती लंगोट ओले झाले? पाय ऊन आहेत ना?" हे तीन प्रश्न त्या परिचारिकाबाईंनीं आम्हांस दिले, ते आम्ही तुम्हांस देतों.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

१. बाळाचें पोट उबदार व पाय थंड असले तर काय करावें? दोन्ही थंड असले तर काय करावें?
२. चीक फेंकून देण्यानें बाळाचें काय नुकसान होतें?
३. नाळेस काय लावावें?
४. घड्याळ समोर ठेवून झोपलेल्या एखाद्या लहान मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. किती भरले?
५. आपल्या गांवच्या आशाताईचें नांव काय, व ती कोठें राहते? ज्यांस हें ठाऊक नसेल त्यांनीं येत्या आठवड्यांत विचारून यावें.